आबांचा दम कोरोनाच्या नावावर खपवू नका

हे पत्र आणि त्याचं उत्तर मे २०२१ चं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतलं; त्यातले लसीचे, दवाखान्यांचे नि योजनेचे नियम आणि खर्च तेव्हाचे आहेत. पत्र असं आलं होतं:

"डॉक्टरसाहेब, माझं माहेर चोपडा तालुक्यात, सासर नाशिकला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले ती अजून इथंच आहे. आमचे आबा ६८ वर्षांचे, केळीची बाग अजून स्वतः बघतात. जानेवारी २०२० मधे जळगावला टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा हार्टचा व्हॉल्व्ह खराब झालाय, ऑपरेशन लागेल असं सांगितलं होतं. एप्रिलची तारीख ठरत होती तेवढ्यात लॉकडाऊन लागला नि राहूनच गेलं. यंदा मार्चच्या शेवटी आबा पॉझिटिव्ह आले, एचआरसीटीचा (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर ४ होता, घरीच बरे झाले. पण त्यानंतर दम जास्त लागतो. अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना मधेच खांबाला धरून उभे राहतात. मागच्या आठवड्यात बागेत चक्कर आली, केळीच्या बुंध्याला धरून खालीच बसले, दोन मिनिटं बोललेच नाहीत. भाऊ म्हणतो हा कोरोनानंतरचा वीकनेस आहे, आधी लसीचे दोन्ही डोस होऊ दे, कोरोना संपू दे, मग ऑपरेशनचं बघू. आई म्हणते दवाखान्यात नेलं की तिथेच परत कोरोना लागेल. आबांना विचारलं तर एकच, 'माले काय व्हयनं, मी ठणठणीत शे.' शेजारच्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी आणून दिलीय, ती द्यायची का? एकोचा रिपोर्ट सोबत जोडलाय. – आखाजीला आलेली लेक"

ताई, रिपोर्ट बघितला, पत्र तर दोन-तीनदा वाचलं. सगळ्यात आधी महत्त्वाचं सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला उशीर झाला तरी चालेल. आबांना आता थांबवू नका. या आठवड्यातच नवीन एको करून घ्या आणि तो घेऊन लगेच हार्टच्या सर्जनला दाखवा. आणि ती जिभेखालची गोळी कपाटात ठेवून द्या, कुणी कितीही सांगितलं तरी आपल्या मनानं देऊ नका. का ते खाली सांगतो.

तुमच्या रिपोर्टमधे 'सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस' लिहिलंय, म्हणजे एओर्टिक व्हॉल्व्हची वाट फार अरुंद झालीय. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त नेणारी जी मोठी नळी निघते तिच्या तोंडाशी हा व्हॉल्व्ह असतो, तीन पातळ पाकळ्यांचा, आणि तो दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडतो-मिटतो. धडधाकट माणसात पूर्ण उघडला की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट होते. एकच्या खाली आली की त्याला सिव्हिअर म्हणतात. आबांची दीड वर्षापूर्वीच ०.८ होती. मीन ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या नि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, ४२ लिहिलाय, ४० आणि त्यापुढे सिव्हिअर धरतात. म्हणजे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतायत आणि हे आकडे दीड वर्षापूर्वीचे आहेत, हा आजार पुढेच जातो, मागे येत नाही.

आबांना समजावताना ठिबकचं उदाहरण द्या, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. बोअरच्या पाण्याला क्षार असले की ड्रिपरमधे पांढरं साचत जातं, पाणी कमी येतं, मोटार तेवढीच चालते पण लोड वाढतो, गरम होते, आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. व्हॉल्व्हचंही तसंच, पाकळ्यांवर वर्षानुवर्षं कॅल्शियम बसतं, त्या दगडासारख्या कडक होतात, आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला त्या चिंचोळ्या फटीतून रक्त रेटावं लागतं. फरक एवढाच की ठिबकला आपण ॲसिड सोडून नळ्या मोकळ्या करतो, व्हॉल्व्हला तसं ॲसिड नाही. हे साचलेलं कॅल्शियम विरघळवणारी गोळी ॲलोपॅथीत नाही, काढ्यात नाही, कुणाच्या मामेभावाने सांगितलेल्या झाडपाल्यात पण नाही. गोळ्यांनी बीपी सांभाळता येतं, अंगावरचं पाणी कमी करता येतं, पण वाट मोठी होत नाही. व्हॉल्व्ह बदलणं हाच त्यावरचा इलाज.

आता भावाचं. तो आबांचं वाईट चिंतत नाही हे मला दिसतंय, आणि 'कोरोनानंतर दम लागतोच' हे तो एकटाच नाही म्हणत, गावात गेले दोन महिने सगळे हेच म्हणतायत आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही आहे. नेमका म्हणूनच घोळ होतो. ज्याला आधीपासून सिव्हिअर व्हॉल्व्ह आहे त्याला दम लागला, चालताना छातीत दाब आला किंवा चक्कर आली, तर पहिला संशय व्हॉल्व्हवर घ्यायचा, बाकीचं नंतर. दम, छातीत दुखणं आणि चक्कर ही या आजाराची तीन मोठी लक्षणं आणि आबांमधे त्यातली दोन दिसतायत. स्कोअर ४ होता म्हणजे कमी होता हे बरोबर, पण तो स्कोअर फुफ्फुसाचा असतो, व्हॉल्व्हचं त्यात काही मोजत नाहीत. आणि एवढ्या कमी स्कोअरच्या माणसाला दोन महिन्यांनी गोठ्यापर्यंत जाताना खांब धरावा लागत असेल तर कारण दुसरीकडे शोधायला नको का?

घरात ऑक्सिमीटर असेलच, आता प्रत्येक घरात आहे. आबा चालून आले की लगेच लावून बघा. दम लागलाय पण आकडा ९६-९७ आहे असं दिसलं तर लोक म्हणतात 'ऑक्सिजन तर चांगला आहे, काही नाही'. व्हॉल्व्हच्या पेशंटमधे पुष्कळदा असंच असतं, म्हणून चांगला आकडा बघून निर्धास्त राहू नका. रात्री झोपतात कसे तेही बघा. आडवं पडलं की घुसमटतात का, उशा एकीच्या दोन झाल्यात का, संध्याकाळी पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो का. आईला विचारा, आबांना विचारू नका, ते सांगणार नाहीत.

अजून एक, रिपोर्टमधे ईएफ ६० टक्के लिहिलंय ते बघून भाऊ 'हार्ट एकदम चांगलं आहे' म्हणाला असेल. ईएफ म्हणजे मोटार किती जोरात ओढते ते. या आजारात मोटार शेवटपर्यंत जीव तोडून ओढत राहते, म्हणून आकडा चांगला दिसतो. तो पडायला लागेपर्यंत वाट बघितली तर ऑपरेशनची जोखीम वाढते.

आता लसीचा हिशोब करू. लस घ्यायलाच पाहिजे, आबांच्या वयाला तर जास्तच, याबद्दल दुमत नाही. पण केंद्र सरकारने १९ मे २०२१ ला सांगितलंय की कोरोना झालेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्यायची. आबा एप्रिलच्या मध्याला बरे झाले असं धरलं तर पहिला डोस जुलैच्या मध्याला. आणि कोव्हिशील्डचं अंतर याच मे २०२१ मधे वाढवून १२ ते १६ आठवडे केलंय, म्हणजे दुसरा डोस ऑक्टोबर नाहीतर नोव्हेंबरमधे. मग तारीख, मग दिवाळी, मग 'दिवाळी होऊन जाऊ द्या'. भावाला हा कॅलेंडर लावून दाखवा. तो सहा महिने थांबायला सांगतोय हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नसणार. सिव्हिअर व्हॉल्व्हला एकदा लक्षणं सुरू झाली आणि ऑपरेशन केलं नाही तर निम्म्याच्या आसपास पेशंट दोन वर्षांत जातात, ही कार्डिऑलॉजीत फार जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. घाबरवायला लिहीत नाहीये, पण सहा महिने म्हणजे किती ते कळावं म्हणून लिहितोय. लस जुलैत तिच्या वेळेला होईल, ऑपरेशन झालेल्या आबांना होईल, त्यात काही अडत नाही.

मागच्या वर्षी पहिल्या लाटेत जगभर हाच प्रश्न होता, कुणाला आधी घ्यायचं नि कुणाला थांबवायचं. ज्यांना व्हॉल्व्ह सिव्हिअर आहे पण त्रास काहीच नाही त्यांना फोनवर विचारपूस करत थांबवा, आणि ज्यांना त्रास सुरू झालाय त्यांना जमेल तितकं लवकर घ्या, असंच सगळीकडचं साधारण धोरण ठरलं. स्वित्झर्लंडमधे बर्नच्या डॉक्टरांनी थांबवलेल्या पेशंटांवर लक्ष ठेवलं तर काही आठवड्यांतच जवळपास पाचातल्या एकाचा त्रास वाढून गडबड झाली, बहुतेकांना अचानक ॲडमिट करावं लागलं. आणि ही तिथली गोष्ट, जिथे ॲम्ब्युलन्स लवकर येते.

आईची भीती मी खोटी म्हणणार नाही. एप्रिलमधे आपल्याकडे बेड मिळत नव्हते, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फोन करत होते, ते सगळं तिनं बघितलंय, तिला दवाखाना म्हटलं की तेच डोळ्यापुढे येणार. पण आता मे संपत आलाय, आकडे खाली येतायत, आणि बंद पडलेली ऑपरेशनं बऱ्याच ठिकाणी पुन्हा सुरू होतायत. ॲडमिट करायच्या आधी आरटीपीसीआर होते, हार्टचा आयसीयू वेगळा असतो. तुम्ही फोनवरच विचारून घ्या की कोविड आणि हार्टचा स्टाफ वेगळा आहे का, स्टाफचे डोस झालेत का, सोबत एकच माणूस ठेवतात का. नीट उत्तर दिलं तर जा, टाळाटाळ केली तर दुसरीकडे विचारा. शिवाय आबांना आत्ताच कोरोना होऊन गेलाय, त्यामुळे पुढचे काही महिने परत व्हायची शक्यता कमीच असते, मास्क मात्र सोडायचा नाही.

आणि कोरोना होऊन गेला म्हणून ऑपरेशनला लगेच नको, हा मुद्दा सर्जन स्वतःच काढतील, तो बरोबर आहे. ११६ देशांतल्या एक लाख चाळीस हजार पेशंटांचा अभ्यास याच वर्षी आलाय, त्यात दिसलं की कोरोनानंतर सहा आठवड्यांच्या आत मोठं ऑपरेशन केलं तर धोका जास्त, सात आठवडे झाले की तो नेहमीसारखा होतो, मात्र ज्याची लक्षणं तेव्हाही चालू असतील त्याला जास्तच राहतो. आबांना आठ आठवडे होत आलेत, म्हणजे तो टप्पा ओलांडलाय. पण दम आहेच, म्हणून तो फुफ्फुसाचा की व्हॉल्व्हचा हे ठरवायला सर्जनला नवीन एको आणि छातीचा फोटो दोन्ही लागतील. आबा नेमके कोणत्या तारखेला पॉझिटिव्ह आले तो रिपोर्ट शोधून फाइलला लावा, भूल देणारे डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

हे मी एवढ्या जोरात का सांगतोय ते पण सांगतो. माझे सख्खे मामा, पारोळ्याचे. त्यांचाही हाच व्हॉल्व्ह. मागच्या वर्षी जूनमधे मामीचा फोन आला की मामांना रात्री झोप लागत नाही. जिथे ऑपरेशन ठरलं होतं तो दवाखाना कोविडला दिलेला, दुसरीकडे कुणी तारीख देईना, आणि मी, डॉक्टर असून, फोनवर म्हटलं की एवढी लाट ओसरू द्या मामा, मग मी स्वतः घेऊन जातो. पोळ्याला गेलो तेव्हा बघितलं तर खाटेवर आडवं व्हायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं, भिंतीला लोड लावून बसल्या बसल्या झोपायचे, पुढ्यात स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर डोकं. मामी म्हणाली महिना झाला असंच. मी त्याच दिवशी फोनाफोनी सुरू केली, तारीख मिळाली सप्टेंबरच्या शेवटची. मामा त्याआधी दहा दिवस गेले, पहाटे, त्याच स्टुलावर डोकं ठेवलेलं. कोरोना त्यांना झालाच नाही. सगळ्या घरानं सहा महिने त्यांना कोरोनापासून जपलं, आणि मी तर जूनमधेच त्यांना विचारायला हवं होतं की आडवं झोपता येतं का.

म्हणून तुम्हाला तो उशांचा प्रश्न विचारतोय.

आता गोळीचं. जिभेखालची गोळी, सॉर्बिट्रेट असणार, हार्ट अटॅकवाल्या माणसाकडे असते ती. ती रक्तवाहिन्या सैल करते, बीपी खाली आणते. आबांच्या हृदयातून बाहेर जायची वाटच अरुंद आहे, त्यात बीपी एकदम पडलं तर भरून काढायला हृदय जास्तीचं रक्त पाठवूच शकत नाही, आणि माणूस जागच्या जागी कोसळू शकतो. बीपीची आणि पाणी काढायची गोळी चालू असेल तर तीही मनानं बंद-चालू करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

आणि आपला हा मे महिना. आपल्याकडे ४३-४४ डिग्री काही नवीन नाही, पण या आजारात अंगातलं पाणी कमी झालं की चक्कर यायला वेळ लागत नाही. आबा बागेत दुपारी गेले होते का? पाणी काढायची गोळी घेऊन, उन्हात, पाणी न पिता? तसं असेल तरी चक्कर 'उन्हाची होती' म्हणून सोडायची नाही, ऊन फक्त निमित्त, पण ऑपरेशन होईपर्यंत दहाच्या पुढे बागेत जायचं नाही, वाकून घड उचलायचा नाही, बैलाच्या मागे पळायचं नाही. मोटार चालू करायला भाऊ जाईल. परत चक्कर आली तर जमिनीवर आडवं करून पाय उशीवर वर ठेवा, शुद्ध नीट येईपर्यंत तोंडात पाणी-साखर काही घालू नका आणि १०८ ला फोन लावा. छातीत दाब थांबत नसेल किंवा बसूनही दम लागत असेल तरीही तसंच, ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

ऑपरेशनबद्दल थोडं. दोन रस्ते आहेत. एक जुना, छाती उघडून व्हॉल्व्ह बदलायचा, हा गेली साठ वर्षं चालत आलाय आणि आपल्याकडचे सर्जन त्यात तरबेज आहेत. दुसरा टावी, मांडीच्या नसेतून नळी घालून नवीन व्हॉल्व्ह जुन्याच्या आत बसवायचा, फ्रान्समधे २००२ साली पहिल्यांदा केला, आता आपल्याकडेही होतो, वापीत बनलेला देशी व्हॉल्व्हही मिळतो. टावीत छाती उघडत नाहीत, दोन-चार दिवसांत घरी, आयसीयूत फार राहावं लागत नाही, म्हणून या कोरोनाच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी त्याच्याकडे कल वाढला. पण खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो आणि ६८ वय, साखर नाही, किडनी चांगली, अशा माणसाला छातीचं ऑपरेशनही चांगलं मानवतं. सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांचं मत घ्या, एकाचंच नको. टावीसाठी जमीन विकायचा विचार घरात निघाला तर मला आधी लिहा.

व्हॉल्व्हचेही दोन प्रकार. धातूचा टिकतो खूप पण जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि नियमित आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते बघणारी) तपासणी. गावात राहणाऱ्या शेतकऱ्याला दर महिन्याला चोपड्याला किंवा जळगावला रक्त द्यायला जाणं कितपत जमेल, कोयता-विळ्याचं काम आहे, याचा विचार करा. टिश्यूचा व्हॉल्व्ह दहा-पंधरा वर्षं टिकतो, ती गोळी बहुतेकांना जन्मभर लागत नाही, पासष्टच्या पुढे साधारण हाच बसवतात. तो गाईच्या नाहीतर डुकराच्या ऊतीपासून केलेला असतो. आबा माळकरी असतील तर हे त्यांना ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगा. माझ्याकडे एका आजोबांना ऑपरेशननंतर कळलं तेव्हा ते महिनाभर कुणाशी बोलले नव्हते. निर्णय त्यांचा आहे, त्यांना विचारूनच होऊ द्या.

पैशाचं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्ह बदलायचं ऑपरेशन बसतं, २०२१ मधे कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २०२० पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही त्यात घेतलंय. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधार ओरिजिनल घेऊन जा, झेरॉक्सवर काम होत नाही. तुमचं सासर नाशिकला आहे तर नाशिकच बघा, तुम्ही जवळ असाल, आईला राहायची सोय होईल, नाहीतर मुंबईला केईएम, जेजे आहेतच. जायच्या आधी दातांच्या डॉक्टरला दाखवून घ्या, किडका दात तसाच ठेवून व्हॉल्व्ह बसवला तर तिथले जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. आबा तंबाखू मळत असतील तर ती पुडी आजच बंद. आणि भावाला एक काम द्या, त्याला काहीतरी करायचंय पण काय ते कळत नाहीये. सध्या ब्लड बँकांत रक्त कमी आहे, ऑपरेशनला बाटल्या लागतील, त्याच्या मित्रांपैकी ज्यांनी अजून लस घेतली नाही त्यांना लस घ्यायच्या आधी रक्त द्यायला सांगू दे.

आबांशी बोलताना 'तुम्हाला काहीतरी झालंय' असं सुरू करू नका, ते उठून जातील. बागेत काय झालं ते त्यांच्याच तोंडून विचारा, चक्कर यायच्या आधी डोळ्यापुढे अंधारी आली का, छाती भरल्यासारखी झाली का. मधे बोलू नका. एकदा ते सांगायला लागले की ठिबकचं उदाहरण काढा.

जळगावच्या एकोची वेळ सकाळची घ्या. साडेसहा-सातला निघालात तर ऊन चढायच्या आत पोचता. गाडीत आबांना पुढच्या सीटवर बसवा, सीट थोडी मागे रेलून, सोबत पाणी, जुना एको, चालू गोळ्यांची पाकिटं सगळी एका पिशवीत. एको करणाऱ्यांना बागेतल्या चकरेचं आवर्जून सांगा, ते फॉर्मवर लिहून घेतात. रिपोर्ट हातात आला की सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा, मी त्याच दिवशी बघतो.